धावताना आलेली भोवळ

मराठीच्या प्राध्यापकांना एक खोड असते. समोर कुणी कोसळले, तर त्याला उचलायचे सोडून कोसळण्याला भाषेत शब्द किती आहेत हे आम्ही आधी मोजू लागतो. भोवळ, घेरी, चक्कर, झीट, ग्लानी आणि सर्वांत भारदस्त ती मूर्च्छा! वाङ्मयाने तर मूर्च्छेचे फारच लाड केले आहेत. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त तिसऱ्या अंकात प्रभू रामचंद्र मूर्च्छित होतात आणि अदृश्य सीतेच्या हस्तस्पर्शाने शुद्धीवर येतात. लक्ष्मणाच्या मूर्च्छेसाठी तर अख्खा पर्वत उचलून आणला गेला. पुढे आमच्या रंगभूमीवरच्या नायिकाही वेळोवेळी मूर्च्छित होत राहिल्या आणि पाण्याच्या दोन थेंबांनी उठून बसत राहिल्या. त्यामुळे आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली आहे. मूर्च्छा म्हणजे काही फारसे नव्हे. पाणी शिंपडावे, पदराने वारा घालावा, झाले.

माझाही हाच समज होता. तो कसा गेला, ते आज सांगायचे आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण या दिवसांत मुले-मुली, मामा-मावश्या, आजी-आजोबा सगळे एका घरात जमलेले असतात आणि मी पुढे जो प्रश्न विचारायला सांगणार आहे, तो विचारण्याला याहून चांगली वेळ नाही.

आमच्या कॉलेजात मराठीच्या प्राध्यापकाला कुठल्याही समितीवर घालता येते, कारण त्याला दुसरे काम नसते असे इतर विभागांचे ठाम मत आहे. त्या न्यायाने मी काही वर्षे जिमखाना समितीवर आहे. मुलींच्या शर्यतीच्या वेळी मैदानावर उभे राहायचे आणि शेवटी बक्षिसे वाटताना टाळ्या वाजवायच्या, एवढीच माझी क्रीडासेवा.

२०२३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मुलींची आठशे मीटरची शर्यत चालू होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी (तिचे नाव सांगत नाही) सगळ्यांच्या बरीच पुढे होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती एकाएकी खाली पडली. अडखळली नाही, तोल सावरायला हात पुढे आले नाहीत, सरळ तोंडावर आपटली. आम्ही धावत जाऊन पोचलो तो तिचे डोळे अर्धवट उघडे आणि हातापायांना किंचित झटके येत होते. कुणी म्हणाले, फिट आली. कुणी कँटीनमधून कांदा आणला, कुणी लिंबाचे सरबत. तेवढ्यात, अर्ध्या मिनिटाच्या आतच, ती उठून बसली आणि विचारू लागली, “कितवी आले मी?”

सगळे हसले. मीही हसले. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी मोठ्या शहाणपणाने निदान करून टाकले, “उपास असेल हिला! अगं, आधी उपास सोडावा, मग धावावं.” उपास खरेच होता. त्यामुळे सर्वांना माझे निदान पटले. तिला तर फारच पटले.

एकट्या आमच्या खेळाच्या सरांना ते पटले नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, एक सांगा. ती थांबल्यावर पडली, की धावताना?”

“धावताना.”

“मग हा उपास नव्हे.”

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये चहाच्या कपावर त्यांनी मला एक हकिगत सांगितली. तरुणपणी ते बास्केटबॉल खेळत, आणि ही हकिगत त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा सेल्टिक्स हा बास्केटबॉलचा नामांकित संघ. १९९३ साली रेजी लुईस हा त्याचा कप्तान होता. वय २७. उंच, सडपातळ, अंगात कुठलाही आजार नाही. २९ एप्रिल १९९३ रोजी एका महत्त्वाच्या सामन्यात, सुरुवातीलाच, धावता धावता तो कोसळला. काही क्षणांत उठला. थोडा वेळ बाहेर बसला आणि नंतर पुन्हा खेळलासुद्धा.

संघाने डझनभर नामवंत हृदयतज्ज्ञ गोळा करून त्याची तपासणी करवली. त्या मंडळाचा कौल कडक होता. हृदयाच्या स्नायूत दोष आहे, जिवाला धोका आहे, खेळ थांबवावा. ज्याचे सारे आयुष्य खेळ, त्याला हे ऐकवेना. तो तिथून निघून दुसऱ्या इस्पितळात गेला. तिथले मत वेगळे पडले. हृदय कसलेल्या खेळाडूचे असावे तसेच आहे, भोवळ ही मज्जातंतूंच्या गडबडीने येणारी नेहमीची भोवळ आहे, उपचार घेऊन तो पुन्हा खेळू शकेल. संघात, घरात, शहरात आनंदीआनंद झाला. २७ जुलै १९९३ रोजी, एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेत नुसता सराव म्हणून तो चेंडू टाकत होता. तिथे तो पुन्हा कोसळला आणि त्या वेळी उठला नाही. शवचिकित्सेत हृदय वाढलेले आणि वण पडलेले आढळले. पुढे कोर्टकचेरी झाली. २००० साली ज्युरीने दुसरे मत देणाऱ्या डॉक्टरांना निष्काळजीपणाच्या आरोपातून मुक्त केले.

सर कप खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, डॉक्टरांचं मत चुकू शकतं. मला भीती वाटते ती आपल्या कानांची. दोन मतं कानावर आली की कान गोड तेवढं ठेवून घेतात.”

माझा चहा तसाच राहिला. उपासाचे निदान किती गोड होते, हे मला तेव्हा उमगले.

पुढे मी या विषयाचे जमेल तेवढे वाचले आणि ओळखीच्या एका हृदयतज्ज्ञ बाईंना प्रश्न विचारून भंडावले. त्यांच्याकडून जे कळले ते थोडक्यात असे. शुद्ध हरपते ती मेंदूला काही क्षण रक्त न मिळाल्यामुळे. पण ते न मिळण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली वाट निरुपद्रवी. लग्नाच्या मांडवात तासभर उभे राहिले, उन्हात कवायत झाली, रक्त पाहिले, इंजेक्शनची सुई दिसली की मज्जातंतूंच्या एका उलट्या फिरकीने रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. आधी मळमळते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे काळोखी येते, म्हणजे पूर्वसूचना मिळते. शर्यत संपवून एकदम थांबलेल्या खेळाडूलाही अशी भोवळ येते, कारण पायांत उतरलेले रक्त वर ढकलायला पायांची हालचाल उरत नाही. आडवे करून पाय उंच धरले की माणूस ठीक होतो. तरुण वयातल्या बहुतेक भोवळी या जातीच्या असतात. तेव्हा उगाच कुणी घाबरून जाऊ नये.

दुसरी वाट हृदयातून जाते. हृदय चालते ते विजेच्या बारीक संदेशावर. काही जणांच्या हृदयाचा स्नायू जन्मतःच प्रमाणाबाहेर जाड होत जातो. पाचशे माणसांत सुमारे एकाला हा दोष असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींच्या हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी जन्मतः भलत्या ठिकाणाहून निघालेली असते. काहींना विषाणूच्या तापात हृदयाला सूज येते. काहींच्या हृदयाची घडण अगदी निर्दोष असते, पण विजेची व्यवस्था बिघडलेली असते. अशा हृदयावर धावण्याचा ताण आला की क्वचित त्याची लय एकदम सुटते आणि ते रक्त ढकलायचे सोडून नुसते थरथरू लागते. काही सेकंदांत लय आपोआप सावरली तर आपण म्हणतो, भोवळ आली होती. सावरली नाही तर जे होते त्याला दुसरा शब्द आहे.

म्हणून आमच्या सरांचा तो एकच प्रश्न लाखमोलाचा होता. थांबल्यावर, की धावताना? भर श्रमात, काही सूचना न मिळता आलेली भोवळ ही हृदयाने पाठवलेली चिठ्ठी असू शकते. ती न वाचता फाडू नये.

मी त्या मुलीला बोलावून घेतले. बराच वेळ ती “काही नाही मॅडम” म्हणत राहिली. मग रडू लागली. ही तिसरी वेळ होती. एकदा कुत्रे मागे लागले तेव्हा जिन्यावर पडली होती, आणि एकदा पोहण्याच्या तलावात, तेव्हा मैत्रिणीने केस धरून वर काढले होते. संघातून काढतील या भीतीने दोघींनी ते कुणाला सांगितले नव्हते.

मी आणि सर तिच्या घरी गेलो. वडील भला माणूस. चहापोहे झाले. पण विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “मॅडम, पोरगी ठणठणीत आहे. हिला हार्टच्या डॉक्टरकडे नेली हे बिल्डिंगमध्ये कळलं, तर उद्या हिचं लग्न कसं जमायचं?” मला राग आला नाही. मुलीच्या बापाची काळजी खोटी नसते, फक्त तिने चुकीचे दार धरलेले असते. सरांनी शांतपणे विचारले, “घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?”

“नाही हो. आमच्याकडे नाही, हिच्या माहेरीही नाही. कुणालाच हार्टचं काही नाही.”

स्वयंपाकघराच्या दारातून मुलीची आई म्हणाली, “माझा दादा गेला सतराव्या वर्षी. पण तो विहिरीत बुडाला.”

“पोहता येत नव्हतं?”

“त्याला? काठावरून सूर मारायचा तो. गावातल्या पोरांना त्यानंच पोहायला शिकवलं.”

मुलीची आजी, आईची आई, लेकीकडे राहायला आलेली होती. कोपऱ्यात वाती वळत बसली होती. वर न पाहता ती म्हणाली, “अवस होती. मी नको म्हणायला हवं होतं. साती आसरांची विहीर ती. त्यांनी ओढला.”

खोलीत कुणी काही बोलेना. सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या हृदयतज्ज्ञ बाईंचे एक वाक्य मला आठवत होते. उत्तम पोहणारा तरुण शांत पाण्यात कारण नसताना बुडाला, तर कधी कधी तो आधी बेशुद्ध झालेला असतो आणि मग बुडतो.

दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. हृदयाची सोनोग्राफी निर्दोष निघाली. वडिलांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण साध्या ईसीजीच्या कागदावर दोष दिसत होता. त्या आलेखातल्या लाटांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात. क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचे अंतर म्हणजे एक ठोका देऊन पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला लागणारा वेळ. तिचे हे अंतर वाजवीपेक्षा बरेच लांब होते. या विकाराचे नावच ‘दीर्घ क्यूटी’. साधारण दोन हजारांत एकाला हा असतो आणि तो बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. त्यातल्या एका प्रकारात धावणे आणि विशेषतः पोहणे हे धोक्याचे प्रसंग असतात. आईचा आलेख काढला, त्यातही तेच लांब अंतर. तिला जन्मात कधी भोवळ आली नव्हती. धाकट्या भावाचा आलेख मात्र ठीक निघाला. तरी एका कागदावर विसंबू नका, असे बाईंनी बजावले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.

मायलेकींना रोज घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. हृदयाला उसळू न देणारी ती औषधे जुनी आहेत आणि या प्रकारात चांगली लागू पडतात. कोणती इतर औषधे घेऊ नयेत याची यादी मिळाली, कारण साध्या वाटणाऱ्या काही औषधांनीही हे अंतर आणखी लांबते. एकटीने पाण्यात कधीच उतरायचे नाही, हेही ठरले. पूर्वी अशा मुलांना खेळ सरसकट बंद करीत. आता तज्ज्ञ डॉक्टर त्या त्या खेळाडूशी आणि घरच्यांशी बोलून ठरवतात. तिने स्वतःच शर्यती सोडायचे ठरवले. ते ठरवताना ती फार रडली, आणि तिला थोपटण्याखेरीज मला दुसरे काही सुचले नाही.

आता कुणी विचारील, मग सगळ्याच खेळाडू मुलांचा आधीच ईसीजी का काढू नये? इटलीने हे केले आहे. १९८२ पासून तिथे स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला अशी तपासणी सक्तीची आहे. व्हेनेटो प्रांतात तरुण खेळाडूंच्या अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण १९७९-८० मध्ये वर्षाला लाखामागे ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. उलट इस्रायलने १९९७ साली सक्तीचा कायदा केला, तिथे असा फरक दिसला नाही. निरोगी मुलांच्या आलेखातही शंकेच्या रेघा दिसतात आणि घरादाराची झोप विनाकारण उडते, हा आक्षेपही खोटा नाही. शिवाय असे मृत्यू विरळाच. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंत वर्षाला सुमारे पन्नास हजारांत एक. तेव्हा सर्वांची तपासणी करावी की नाही, हा वाद विद्वानांचा विद्वानांकडे राहू द्या. पण जो धावताना बेशुद्ध पडला, खेळताना ज्याच्या छातीत दुखले, किंवा ज्याच्या रक्ताच्या नात्यात कुणी तरुणपणी कारण न कळता गेले, त्याची तपासणी करावी, याबद्दल दोन्हीकडचे विद्वान एकमत आहेत.

आणि तरीही एखादा कोसळलाच तर? १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात पडला. हृदय थांबले होते. पण तिथल्या लोकांनी पाणी शिंपडले नाही. लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात झाली, विजेचा झटका देणारे यंत्र आले, आणि मैदानावरच तो शुद्धीवर आला. त्याच्या छातीत एक छोटे यंत्र बसवले गेले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा मैदानात उतरला. हृदय थांबल्यावर काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा शेकडा सात ते दहाने कमी होते. डॉक्टर येईपर्यंतची ती मिनिटे आपली असतात.

म्हणून हे पाठ करून ठेवा. पडलेला माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर ती भोवळ नव्हे. नुसते आचके लागणे हा श्वास नव्हे, आणि हातापायांच्या झटक्यांना फिट समजून कांदा शोधत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे करून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवावेत आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, न थांबता दाब द्यावा. जवळ झटक्याचे यंत्र असेल तर ते आणवावे. ते उघडले की पुढे काय करायचे ते स्वतःच बोलून सांगते. तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नये. आमच्या कॉलेजात आता दर वर्षी पहिल्या सत्रात हा दाब द्यायला शिकवतात. मीही शिकले. मराठीच्या प्राध्यापकाचा हात अगदीच हलका पडतो, असा शेरा मला पहिल्या दिवशी मिळाला होता. आता बरा पडतो.

ती मुलगी पदवीधर झाली. कॉलेजात होती तोवर शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभी असायची. तिने लावलेल्या वेळेत चूक निघाल्याचे मला आठवत नाही.

मात्र या सगळ्यात माझ्या मनात राहिली ती आजी. निदान झाल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले होते. लेकीने आणि जावयाने आजीला काय सांगितले होते कोण जाणे. मी निघताना तिने माझा हात धरून जवळ बसवले आणि विचारले, “बाई, खरं सांगा. मग त्याला कुणी ओढलं नाही?”

आता सिद्ध काहीच करता येणार नाही, पण मेळ सगळा बसतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेच मी तिला माझ्या शब्दांत सांगितले. म्हटले, “नाही हो आजी. त्याचं हृदय जन्मतःच थोडं वेगळं असावं. पाण्यात त्याला भोवळ आली असेल. अवस नसती तरी आली असती.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मीच धाडला होता त्याला. बैल धुवायला.”

चाळीस वर्षे हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. लेकीलासुद्धा नाही.

तुमच्या घरी यंदा सगळे जमतील तेव्हा फराळाच्या ताटावर हा प्रश्न एकदा सहज विचारा. आपल्यात कुणी लवकर गेले आहे का, आणि कसे? विहीर, नदी, झोपेतच गेला, खेळताना पडला, नजर लागली, अशी उत्तरे येतील. ती हसण्यावारी नेऊ नका. त्यातले एखादे अंगणात धावणाऱ्या तुमच्या नातवाच्या कामाचे असेल.